टिटवीचं पुढचं चाक

"मॅडम, चोर आला नि गाडी ठेवून गेला! नुसता चाकातला ब्रेकचा ड्रम नेला हो!"

फोनवर लताबाई साळवे होत्या, वय वर्षं बहात्तर. सकाळचे साडेनऊ वाजले होते. फौजदार चैताली पगारे चहा अर्धा टाकून उठल्या.

"भंगारचोर असेल," साहेब म्हणाले. "नोंद घ्या आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, बॅटरी सोडून ड्रम नेणारा भंगारचोर मी अजून पाहिला नाही," चैताली म्हणाल्या आणि जीप काढायला सांगितली. साहेबांना ते आवडलं नाही. न आवडू दे!

सातपूरच्या कॉलनीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टिटवी उभी होती. टिटवी म्हणजे गाडी. पुढे दोघं, मागे दोन पोरं, बस्स. पुंजाराम साळवे हा कारखान्यातला साधा टर्नर. स्कूटरच्या किमतीत चौघांच्या कुटुंबाला गाडी मिळाली पाहिजे, हे त्याच्या डोक्यानं घेतलं. ड्युटी संपली की घरी येऊन लेथवर उभा राहायचा. सहा वर्षं खपला. एक्याऐंशी साली टिटवी चार माणसं घेऊन मोहदरीचा घाट चढली, तेव्हा रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून सलामी दिली होती. पण परवाना काही मिळाला नाही. कॉलनीतला टर्नर गाडी बनवतो, हे ऐकूनच ऑफिसातले लोक हसायचे. दुसरी टिटवी कधी झालीच नाही. बारा वर्षांपूर्वी पुंजाराम गेला.

आणि आता चाळीस वर्षांनी जग जागं झालं होतं. उद्या दहाला पुण्याच्या वाहन-संग्रहालयाचे लोक गाडी न्यायला येणार होते. पाटीवर नाव कुणाचं, एवढाच प्रश्न होता. कारण परवान्यासाठी तेव्हा पुंजारामच्या वतीनं ऑफिसात जाणारे मल्हारीशेठ बोडके म्हणत होते, टिटवी माझी.

"पुंजारामचं नाव त्या ड्रमवर आतून ठोकलेलं होतं," लताबाई म्हणाल्या. "नाव आणि साल. रविवारी विहारात मी माइकवर सांगितलं, पुण्याच्या लोकांसमोर चाक काढून दाखवते म्हणून. माझीच जीभ मेली वळवळली!"

"फोटो नव्हता काढला?"

"घरच्या भांड्यावरच्या नावाचा फोटो काढतं का कुणी?"

चैताली खाली बसल्या. उजवं पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं. शेजारी पाना आणि हातभर लांब लोखंडी पाइप पडला होता. पान्याला पाइप लावून जोर केलेला दिसत होता. चार नट जमिनीवर पडले होते आणि प्रत्येक नटात बोल्टचा तुटका तुकडा अडकलेला होता.

"कुलूप?"

"शाबूत आहे. किल्ली माझ्याकडेच. काल दुपारी तिघं एकेकटे येऊन गेले. माझा धम्मपाल, गॅरेजवाला संतोष, आणि शेवटी मल्हारीभाऊ. जुन्या आठवणीत जरा बसतो, भाऊ म्हणाले. मीच किल्ली दिली. तास-दीड तास बसले."

"धम्मपाल एकटा होता आत?"

"होतो," मुलगाच पुढे येऊन म्हणाला. जिल्हा परिषदेत कारकून होता. "आणि आधीच सांगतो, ही शेड मोकळी करा म्हणून मी आईशी भांडतो. पोरांना अभ्यासाला खोली नाही. म्हणून मी बापाचं नाव चोरीन काय?"

"चाक काढता येतं तुम्हाला?"

"मॅडम, लहानपणी सुट्टीत माझं तेच काम होतं."

संतोष शेजारच्या गॅरेजमधून हात पुसतच आला.

"तू काल काय केलंस?"

"पुसली गाडी. पंधरा दिवसांपूर्वीच चारही चाकांना ग्रीस घातलंय. दर स्मृतिदिनाला घालतो. काका आमचे उस्ताद होते."

"मग बोल्ट गंजलेले नव्हते?"

"गंज? टिटवीला? दाखवतो ना."

त्याने डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला, दांडा उजवीकडे ठेवला आणि एका हाताने खाली दाबला. नट लगेच सैल झाला. चैताली त्याच्या हाताकडे बघतच राहिल्या.

"हे बोल्ट कुणी तोडले असतील, संतोष?"

"बाहेरचा चोर असणार. घरचा माणूस कशाला तोडेल?"

"पण कुलूप शाबूत आहे," चैताली पुटपुटल्या. म्हणजे चोर घरी ऊठबस असलेला, पण गाडीला मात्र परका!

मल्हारीशेठ आपल्या ओतकामाच्या कारखान्यात भेटले. भिंतीवर त्यांचा मोठा फोटो होता. तरुण मल्हारी टिटवीच्या बॉनेटवर हात ठेवून हसत उभा.

"पुंजाराम कारागीर चांगला होता, नाही म्हणत नाही," शेठ म्हणाले. "पण डोकं माझं. आणि हातसुद्धा माझेच. टिटवीचा एकेक नट मी स्वतः आवळलाय, मॅडम."

"एकेक?"

"एकेक! लिहून घ्या."

चैतालींनी लिहून घेतलं, खाली सही घेतली आणि म्हणाल्या, "मग चार वाजता शेडमध्ये या. संग्रहालयाला कळवायचंय. तुमच्या हातानं एक चाक काढून दाखवा, म्हणजे वाद मिटेल."

चारला सगळे जमले. हवालदाराने मोबाइलवर चित्रण सुरू केलं. शेठनी बाह्या सरसावल्या, मागच्या चाकाला पाना लावला, दांडा डावीकडे धरला आणि खाली दाबला. नट हलेना. पुन्हा दाबला. शेठना घाम फुटला.

"गंजलाय. पाइप द्या इकडे कुणीतरी."

"कालच्यासारखा?" चैताली म्हणाल्या.

पाइप कुणी देण्याआधीच त्या पुढे झाल्या.

"लताबाई, हा नट कसा उघडतो?"

लताबाईंनी शेठच्या हातातून पाना घेतला, दांडा उजवीकडे केला आणि दाबला. बहात्तर वर्षांच्या हाताने नट सुटला.

"आमच्या घरात असाच उघडतो," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा चाकं बसवली आणि तिसऱ्या दिवशी एक चोरीला गेलं. मग यांनी हट्टानं चारही चाकांना उलटे आटे पाडले. म्हणाले, बसू दे चोराला पाना फिरवत!"

"आणि चोर बसला," चैताली म्हणाल्या. "नट काढतोय असं समजून तो काल आवळत होता. पाइप लावून इतका आवळला, की बोल्टच तुटले. धम्मपाल आणि संतोषने ही चाकं शंभरदा काढलीत, त्यांचे नट रिकामे निघाले असते. काल आत आलेल्यांपैकी उलटे आटे एकालाच माहीत नव्हते. नेमकं त्यालाच, ज्यानं एकेक नट स्वतः आवळला होता. शेठ, ही तुमची सही. आणि तुमचा ड्रायव्हर बाहेर बसलाय. काल तुम्ही गोणपाटात गुंडाळलेलं जड काहीतरी डिकीत ठेवलंत, हे त्यानं सांगितलंय."

मल्हारीशेठचा चेहरा काळाठिक्कर पडला. पण माणूस मोठा चिवट.

"बरं, नेला! रात्रीच भट्टीत गेला तो ड्रम. आता काढा त्यातून नाव! फोटो माझा आहे, ऑफिसात खेटे मी घातलेत. पुंजारामला तिथं दारात तरी उभं केलं असतं का कुणी? वहिनी, अजून ऐका. पाटीवर दोघांची नावं घालू. साळवे-बोडके. शोभून दिसेल."

धम्मपालने आईकडे पाहिलं. लताबाई रडत होत्या, पण आवाज कापत नव्हता.

"दारात उभं केलं नाही, हे खरं. म्हणून तर तुम्हाला भाऊ मानून पाठवलं. तुम्ही दारातून आत गेलात, ते त्यांचं घर घेऊनच बाहेर आलात! ड्रम वितळवलात? वितळवा. गाडी तुमची नाही, हे तुमच्याच हातानं आत्ता सगळ्यांसमोर दाखवलंत. पाटीवर एकच नाव लागेल. पुंजाराम यशवंत साळवे, टर्नर. टर्नर हा शब्दसुद्धा राहणार."

मग त्या चैतालींकडे वळल्या.

"मॅडम, यांना उद्या दहाला इथं आणा. बेड्या घालून आणा नाहीतर हार घालून, पण आणा. ती पाटी यांनी मोठ्यानं वाचायची."

"आजी, असं नियमात बसत नाही," चैताली म्हणाल्या. खिशातला फोन वाजत होता, साहेबांचा. त्यांनी तो बंद केला. "पण चोरी कशी केली हे दाखवायला आरोपीला जागेवर आणावंच लागतं. दहाची वेळ मला चालेल."