न वाळणारी भिंत

भिंतीवरच्या डागाची वरची कड फरशीपासून ब्याण्णव सेंटिमीटरवर होती. कडेच्या वर मोहरीएवढे गोल ठिपके विखुरले होते. ओल तपासायला आलेल्या इंजिनिअर बाई त्या ठिपक्यांकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या.

गॅरेजच्या वरची ही खोली आठ महिने तयार होत होती. येत्या रविवारी घरातल्या सासूबाईंनी इथे राहायला यायचं होतं. त्यांना दोनदा न्यूमोनिया झाला होता. तिसरा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दाराला कडी फक्त बाहेरून होती.

"वरून रंग मारून टाका," सून म्हणाली. "सासूबाईंची खालची खोली मला शिकवणीला हवी आहे. किती दिवस थांबायचं?"

गवंड्याने हात झटकले. दोनदा गिलावा खरवडून नवा केला, या भिंतीला आपलं वावडंच असावं, असं त्याचं म्हणणं. मग आवाज खाली आणून त्याने संशय सांगितला. म्हातारीच पाणी ओतत असणार. तिला इथे यायचंच नाही.

बाईंनी भिंतीत बारीक भोक पाडलं. वरचा थर चिंब, दोन इंच आत ठणठणीत कोरडी. छत कोरडं. खाली गॅरेजची भिंतही कोरडी. तिथे धुळीने माखलेली गाडी उभी होती आणि शेजारी खिळ्याला गाडीच्या काचा पुसायचा स्प्रे लटकत होता. त्याच्या तोंडाशी एक थेंब जमला होता.

गवंड्याने चौकटीवर पेन्सिलीने रोजची नोंद ठेवली होती. ओली, ओली, ओली. मध्येच सलग चार दिवस कोरडी.

"या चार दिवसांत घरी कोण होतं?"

"मी आणि सासूबाई. हे कामासाठी बाहेरगावी गेले होते."

बाईंनी सगळ्यांना वर बोलावलं. सासूबाईंचा मुलगा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सासूबाईंना एकोणीस पायऱ्या चढायला सहा मिनिटं लागली. त्या दारात टेकल्या तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं.

"ही ओल आलेली नाही," बाई म्हणाल्या. "आणलेली आहे. जमिनीतून चढली असती, तर खालची भिंत आधी भिजली असती. आत पाइप फुटला असता, तर आतला भाग कोरडा राहिला नसता. आणि हे ठिपके फवाऱ्याचे आहेत."

"यांचेच उद्योग," सून सासूकडे बघत म्हणाली.

"त्या रोज इथवर चढतील? शिवाय त्या चार दिवस घरीच होत्या, तुम्हीही होतात, आणि भिंत वाळली." बाईंनी दाराच्या बाहेरच्या कडीकडे बोट दाखवलं. "आधी मला भीती वाटली, की कोणाला तरी यांना या ओलीत झोपवायचं आहे. पण तसा माणूस ओल लपवतो. ही रोज सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. कोणीतरी रविवार पुढे ढकलत होतं."

मग त्यांनी मुलाला विचारलं, "गाडी कित्येक दिवसांत पुसलेली नाही. स्प्रे कशासाठी भरता?"

तो भिंतीकडेच बघत होता. "वाळली असती, तर मला बोलावं लागलं असतं."

"आठ महिने भिंतीला बोलायला लावलंस," आई धापा टाकत म्हणाली. "आता तू बोल."

तो बायकोकडे वळला.

"आई वर येणार नाही. ती तिच्याच खोलीत राहील."