तैशो सोळा

कुलूप वितळलं नव्हतं. लागलेलंच होतं, बाहेरून.

राखेतून काढलेलं ते लोखंडी कुलूप हिरासावा फौजदाराने मॅनेजरच्या टेबलावर आपटलं. रेशीम गिरणीच्या वसतिगृहात चार पोरी जळून मेल्या होत्या. धाकटी, तोयो, तेरा वर्षांची.

"जरा हळू, फौजदारसाहेब," मॅनेजर कुरोइवा म्हणाला. "टेबल नवं आहे."

जपान, शोवा २, दहा जानेवारी. खिडकीबाहेर सुवा तळं गोठलेलं. कुरोइवाच्या बाहीवर सम्राटांच्या सुतकाची काळी फीत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवलेली, त्यावर शाईने 'शोवा २'.

"किल्ली कोणाकडे होती?"

"वसतिगृहाच्या म्हातारीकडे. ओतोकुकडे. लेखी आहे, खाली तिचा अंगठा."

कागद पहिला.
*तैशो १५, १ डिसेंबर. किल्ली ओतोकुच्या ताब्यात. मुदत शोवा २, फेब्रुवारीअखेर.*

हिरासावाने तो दोनदा वाचला. मग ओतोकुला आत आणायला सांगितलं.

कमरेला आरोपीचा दोर. उजवा हात गळ्यात बांधलेला. चौदा डिसेंबरच्या संध्याकाळी, आग लागली तेव्हा, दाराला धडका देऊन खांदा मोडला होता.

"ओतोकुबाई, या कागदावर अंगठा कधी दिलात?"

"आग लागून गेल्यावर, साहेब. पोरींच्या नावाने उदबत्ती लावायची, त्याला अंगठा पाहिजे म्हणाले. मला कुठं वाचता येतंय?"

"किल्ली?"

"यांनीच काढून घेतली. मी म्हटलं, जबाबदारी माझी, मग चिठ्ठी द्या. चौकीत दाखवली तर सगळे हसले."

तिने डाव्या हाताने कमरपट्ट्यातली घडी काढली.

कागद दुसरा.
*तैशो १५, १ डिसेंबर. ओतोकुकडून किल्ली परत घेतली. तैशो १६, फेब्रुवारीअखेरपर्यंत माझ्याकडे राहील. कुरोइवा.* खाली लाल शिक्का.

कुरोइवा खो खो हसला. "तैशो सोळा! ते वर्ष उगवलंच कुठं? म्हातारे, खोटं लिहून घ्यायचंच होतं तर एखाद्या शहाण्याकडून तरी घ्यायचंस! शिक्का काय, माझ्या खणातून कोणीही उचलेल."

"सम्राट कधी गेले?" हिरासावाने विचारलं. आवाज फार शांत होता. मुठी शांत नव्हत्या.

"पंचवीस डिसेंबरला. हे काय विचारणं झालं?"

"नवा सम्राट, नव्या काळाला नवं नाव. तैशो संपलं, शोवा सुरू, वर्षं पुन्हा एकपासून. शोवाचं पहिलं वर्ष सात दिवसांत संपलं. 'शोवा' हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलात?"

"त्याच दिवशी. वर्तमानपत्राच्या जादा अंकात..."



"मग एक डिसेंबरच्या कागदावर तो आला कसा? वरची तारीख मागची टाकलीत. खाली मुदत लिहिताना हात आजच्या सवयीने चालला."

"पण तैशो सोळा..."

हिरासावाने कॅलेंडरवरची पट्टी टरकन ओढली.

कागद तिसरा.
खाली छापील अक्षरं: *तैशो १६.*

"शरदात छापलेलं. तेव्हा सगळा देश हेच लिहीत होता. हेही ओतोकुने छापलं का? हिचा कागद चुकला, कारण तो खरा आहे. त्याला पुढचं माहीत नव्हतं. नोव्हेंबरात दोन पोरी पळाल्या, म्हणून किल्ली तुम्ही घेतलीत. आग लागली तेव्हा कुठे होतात?"

"जेवायला... गावात."

"किल्लीसकट."



हिरासावाने म्हातारीचा दोर सोडला आणि कुरोइवाला आवळून बांधला. गरजेपेक्षा जास्तच आवळला.

"म्हणजे तैशो सोळा आलंच नाही, साहेब?" ओतोकुने विचारलं.

"नाही."

"तोयोला मी सांगितलं होतं, तैशो सोळाच्या पहिल्या दिवशी तू घरी असशील."

हिरासावाने कुलूप उचललं आणि पुन्हा आपटलं. नवं टेबल मधोमध तडकलं.