काटा तोरैपाक्कमपर्यंत आला

पुदुप्पेटच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात मी केबल आणायला गेलो, तेव्हा मनात दुसरं तिसरं काही नव्हतं. मोटरसायकलच्या स्पीडोमीटरची केबल, बस. दुकानदाराने मॉडेल विचारलं आणि खिळ्यावर टांगलेल्या जुडीतून एक काळी केबल ओढून दिली. "गाडी तुमचीच का सार?" त्याने सहज विचारलं. मी म्हणालो, मुलाची. मुलगा राहिला नाही, हे त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.

अक्षत आमचा एकुलता एक, आईचा लाडका कण्णा. सिरुसेरीला नोकरी करायचा, वेळचेरीच्या आमच्या घरून रोज गाडीने जायचा-यायचा. मेट्रोच्या कामाने त्या रस्त्याची जी दैना झाली आहे ती तुम्ही पाहिलीच असेल. संध्याकाळी घरी येताना कारापाक्कमजवळ सांडलेल्या वाळूवर त्याची गाडी घसरली. तो जागीच गेला. आणि गाडीचं काय झालं? एक आरसा फुटला आणि ही केबल तुटली. पोलिसांनी गाडी परत दिली तेव्हा मला त्या लोखंडाचा असा राग आला म्हणून सांगू! माझा मुलगा गेला आणि तू धड राहिलीस?

तरी केबल आणलीच. मुलासाठी काही करण्याची वेळ टळून गेली होती, हात मात्र स्वस्थ बसत नव्हते. मी जन्मभर गिंडीच्या एका लहान कारखान्यात दाबमापकं बनवली. काटा, चकती, स्प्रिंग यांवरच माझं पोट चाललं. भुताखेतांच्या गोष्टी आमच्या तंजावरच्या मराठी घरांतल्या बायका सांगायच्या, मी हसायचो. काटा उगाच हलत नाही, असं म्हणायचो.

आमच्या इमारतीखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात मी गाडी मधल्या स्टँडवर लावली आणि पुढचं चाक उचलून इंजिनखाली वीट ठेवली. जुनी केबल काढली, नवीला ग्रीस लावलं, एक टोक पुढच्या चाकाशी आणि दुसरं मीटरखाली बसवलं. चाक हाताने फिरवलं. काटा उठला आणि परत शून्यावर बसला. काम नीट झालं. मी पायरीवर बसून हात पुसत होतो. दिवेलागण व्हायला आली होती, वरच्या मजल्यावर कुणीतरी सांबारला फोडणी देत होतं, हिंगाचा वास खाली येत होता.

काटा पुन्हा उठला.

चाक स्थिर होतं. काटा हळूहळू चढला, थोडा वेळ एका जागी थरथरला, उतरला, शून्यावर थांबला. मग परत चढला. मला वाटलं मीटरमधली स्प्रिंग बिघडली. पण बिघडलेली स्प्रिंग झटके देते. हा काटा एखाद्या शहाण्या माणसाने गाडी चालवावी तसा चालला होता.

विद्या, म्हणजे माझी बायको विद्यालक्ष्मी, मला हाक मारायला खाली आली होती. ती माझ्या मागे उभी राहिली. काट्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "नावलूर गेलें."

"काय?"

"नावलूरचा सिग्नल हो. आतां शोळिंगनल्लूर येईल. तिथें थांबेल पाहा."

काटा शून्यावर आला. थांबला.

अक्षत ऑफिसातून निघाला की रोज तिच्या फोनवर आपलं लोकेशन पाठवायचा. ती ओट्यापाशी फोन टेकवून पोळ्या लाटता लाटता तो निळा ठिपका बघत बसायची. कुठे थांबतो, कुठे जोरात निघतो, सगळं तिला पाठ होतं. मी थट्टा करायचो, की मुलगा नाही, आगगाडी सांभाळतेस. आता ती काट्याकडे तशीच बघत होती.

काटा पुन्हा चढला, चांगला चढला... आणि एकदम खाली पडला. उतरला नाही, पडला. विद्याने माझा दंड धरला. कारापाक्कम, हे आम्हा दोघांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी मी चाकाच्या जवळचं टोक सोडवलं. केबल चाकाला जोडलेलीच नसली तर काटा हलणार कसा? सोडवलेलं टोक हातात धरून मी वाट पाहत बसलो. ऑफिस सुटायची वेळ झाली आणि माझ्या बोटांत ती तार फिरू लागली... माझ्या हातात, अधांतरी. मी घट्ट दाबून पाहिली. ती थांबली नाही. आणि ती गरम होती. अक्षत लहानपणी तापाने फणफणला की त्याचं मनगट माझ्या मुठीत असंच लागायचं. मी ती सोडूच शकलो नाही.

त्या दिवशी काटा कारापाक्कमला पडला नाही. सावकाश, अगदी रांगत तिथून पुढे गेला आणि मग विझल्यासारखा खाली आला.

"आज तोरैपाक्कमपर्यंत आलें लेंकरूं," विद्या म्हणाली. कित्येक महिन्यांनंतर तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला रडू आलं. आणि भीतीही वाटली, पोटच्या मुलाची भीती. असं वाटणं किती वाईट असतं ते ज्याला वाटलं त्यालाच ठाऊक.

मग रोज तेच. पेरुंगुडी झालं, तरमणी झालं. विद्या संध्याकाळी केस विंचरून, फिल्टर कॉफीचा पेला-डबरा घेऊन खाली येऊन बसायची. कॉफी निवून जायची. काटा दर संध्याकाळी घराच्या थोडा आणखी जवळ येऊन विझायचा. शेजारीपाजारी समजले, बिचारीचं डोकं फिरलं आहे.

अक्षतच्या मासिक श्राद्धाला माझी थोरली बहीण राजसबाई तंजावरहून आली. संध्याकाळी आम्ही दोघं खाली का जातो ते पाहायला तीही आली. तिने काट्याकडे पाहिलं, विद्याकडे पाहिलं, आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

"विद्ये... त्याला बाहेर काढतांना तूं काय म्हटलीस?"

विद्याने नजर गाडीकडे वळवली.

"मी दाराशींच होतें. मज ऐकूं आलें."

मलाही ऐकू आलं होतं. आमच्यात घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दारातली बाई 'जाऊन ये' म्हणते. तमिळ शेजारीही तसंच म्हणतात. फक्त शेवटच्या प्रवासाला निघालेल्याला कुणी ते म्हणत नाही, तेव्हा ओठ आवळून उभं राहायचं असतं. त्या दिवशी ताटी उचलली आणि विद्या रोज सकाळी म्हणायची तशीच, चपला घालणाऱ्या मुलाला म्हणावं तशी म्हणाली, "जाऊन ये, कण्णा. सावकाश ये."

"आई म्हटली म्हणून येत आहे तें," राजसबाई म्हणाली. "वाट संपेना त्याची. रोज तोच रस्ता, रोज तेंच पडणें. तूंच मोकळें कर त्याला."

"येऊं दे की, अक्का! आपलें घर आहे त्याचें."

"आणि आल्यावर काय करशील? जेवूं घालशील? ज्या अंगानें गेलें त्या अंगानें येईल तें... पाहवेल तुज?"

विद्याने माझ्याकडे पाहिलं. मी 'येऊ दे' म्हणालो असतो तर तिने जगाशी भांडण केलं असतं. मी काही बोललो नाही. अक्काचं मला पटलं होतं.

त्या संध्याकाळी काटा वेळचेरीत शिरला. मीही ओळखलं. स्टेशनाजवळची गर्दी, पुलाखालचं वळण, मग आमच्या देवळापाशी अक्षत नेहमी गाडी हळू करायचा तसा हळू. पार्किंगमधला दिवा लागला होता. जळक्या रबराचा आणि ओल्या वाळूचा वास येऊ लागला... काटा अगदी खालच्या आकड्यावर आला, गल्लीत वळताना येतो तसा. रस्त्यावर गाडीचा आवाज मात्र नव्हता.

विद्या उठली. गाडीच्या टाकीवर तिने दोन्ही हात ठेवले.

"कण्णा..." तिने टाकीवरून हात फिरवला. "येऊं नको."

काटा थरथरला. खाली गेला नाही.

"ऐकत नाही तें," राजसबाई कुजबुजली. "घरच नाही म्हणून सांग."

"नाही हो अक्का..."

"सांग!"

"कण्णा, इथें घर नाही आपलें." विद्या आता हुंदके देत होती. "कोणी नाही इथें. अम्मा नाही, अप्पा नाही. रिकामी जागा आहे, राजा. जा तूं. जा..."

काटा शून्यावर बसला. वास गेला. विद्या जमिनीवर बसली आणि दोन्ही मुठींनी स्वतःचं तोंड बडवू लागली. आम्ही दोघांनी मिळून तिला वर नेलं.

त्यानंतर काटा हलला नाही. मुलगा सुटला, असं मी विद्याला रोज सांगतो. ती मान हलवते. आता निदान झोपते, जेवते. म्हणून हे जे पुढचं आहे ते तिच्या कानावर घालायचं नाही, तुम्हीही घालू नका.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कनका म्हणून एक बाई फुलं विकते. अलीकडेच बसू लागली आहे, अक्षतला तिने कधी पाहिलेलं नाही. परवा देवासाठी मोगरा घ्यायला मी तिच्यापाशी थांबलो. फुलं पानात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "सार, तुमच्याकडे कोण पाहुणा यायचा आहे का? हेल्मेट घातलेला एक मुलगा रोज संध्याकाळी इथे उभा असतो. गाडीबिडी नाही जवळ. विजयेंद्र सारांचं घर कुठलं, विचारतो."

विजयेंद्र म्हणजे मीच. कसंबसं विचारलं, "मग तू दाखवत नाहीस?"

"दाखवते की! रोज दाखवते. म्हणते, ते बघ, समोर पिवळी इमारत. तो बघतो आणि म्हणतो, तिथे तर रिकामी जागा आहे. अम्मानेच तसं सांगितलं."

"...आणि मग?"

"मग काय सार, उभाच राहतो. मी म्हटलं, जा की बाबा आपल्या गावाला. तर म्हणतो, जातो कसा? अम्मा रागावली असेल. राग गेला की बोलावील." तिने फुलांची पुडी माझ्या हातात दिली. "आता यायची वेळ झालीच त्याची. थांबता का?"

मी वळून पाहिलं. आमची इमारत तिथून स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत विद्या दोरीवरचे कपडे काढत होती.