दौंडच्या भिंतीचं टेक्श्चर

शिरूरच्या एसटी स्टँडासमोर, रसवंतीच्या वरच्या मजल्यावर महेंद्रचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भारनियमनाशी रोजचं भांडण. त्या वर्षांत बांधकामवाल्यांना नवं खूळ लागलं होतं. पायाचा खड्डा खणायच्या आधीच इमारत रंगीत चित्रात उभी दिसायला हवी. त्या चित्राला सगळे 'व्ह्यू' म्हणत आणि महेंद्र व्ह्यू काढून द्यायचा. त्याची झाडं बेताचीच असत, गाड्या खेळण्यातल्या वाटत. पण भिंती अशा काही उतरत, की माणसाला कागदावरून हात फिरवावासा वाटे.

त्यात जादू कसलीच नव्हती. महेंद्र खऱ्या भिंतींचे फोटो काढत हिंडायचा आणि तेच, टेक्श्चर म्हणून, चित्रातल्या भिंतींवर चढवायचा. पाबळची दगडी भिंत, यवतच्या ढाब्यामागची शेवाळलेली भिंत, काही म्हणून सोडायचा नाही. त्याची बायको राजश्री म्हणायची, "लोकांचं नवरं बायका बघत्यात, माझा भिताडं बघतो. तेवढंच बरं हाय म्हणा."

दौंडला रेल्वेच्या जुन्या वसाहतीकडे एका ओस बंगल्याला ग्लेझच्या विटांची भिंत होती. ग्लेझची वीट म्हणजे वरून काचेचा लेप देऊन भाजलेली. लोणच्याच्या बरणीसारखी गुळगुळीत, गडद हिरवी. असल्या विटेचा फोटो काढणं म्हणजे डोक्याला ताप. आभाळाची तिरीप, समोरचं झाड, फोटो काढणारा, सगळं तिच्यात उमटतं. म्हणून महेंद्रनं घरातली काळी घोंगडी बरोबर घेतली आणि राजश्रीला मोटारसायकलवर मागं बसवलं. दीड वर्षाची लेक दीक्षा महेंद्रच्या आईकडे, सोजरबाईकडे राहिली.

कॅमेऱ्याच्या मागं राजश्रीनं दोन्ही हात वर करून घोंगडी ताणून धरली. उजेड अडला. विटा शांत झाल्या.

"मी म्हणेपर्यंत खाली घेऊ नको," महेंद्र म्हणाला.

"आवो, जड किती हाय ही!"

"थोडंच. हलू नको फक्त."

तेवढ्यात राखणदार ओरडत आला. महेंद्र फोटो उरकून त्याची समजूत घालायला धावला. मग दोघं चहा पिऊन घरी आले.

फोटो चांगला होता, तरी विटांमध्ये घोंगडीची काळी सावली, तिच्या काठावर राजश्रीची बोटं आणि खाली तिची पावलं पुसट उतरली होती. महेंद्रनं माउसनं शेजारच्या स्वच्छ विटेचा तुकडा उचलून उचलून ते सगळं झाकलं. राजश्री दीक्षाला कडेवर घेऊन मागं उभी होती.

"मला पुसताय व्हय?"

"तुला न्हाई गं, घोंगडीला."

स्वच्छ झालेलं चित्र त्यानं जुन्याच फोटोवर सेव्ह केलं. जागा वाचवायची सवय होती त्याला.

पुढच्या पावसाळ्यात राजश्री गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला फोटो हवा म्हणून सगळं घर उलथंपालथं केलं, तेव्हा महेंद्रच्या ध्यानात आलं, की आपल्याकडे भिंती ढीगभर आहेत आणि बायको नाही. कॅमेरा समोर आला की ती तोंडावर पदर घ्यायची. लग्नातला एक फोटो होता, पण स्टुडिओवाल्यानं चेहरा इतका गोरा करून ठेवला होता, की सोजरबाई म्हणाली, "ही कुणाची पोरगी?" शेवटी तोच लावला. दीक्षा मोठी होऊ लागली, आणि "आई कशी होती?" या प्रश्नाला दाखवायला घरात काही नव्हतं. महेंद्रला त्याची फार लाज वाटायची आणि त्याहून जास्त रडू यायचं.

दीक्षा चारेक वर्षांची झाली, त्या सुमारास न्हावऱ्याच्या विक्रमदादांचं काम आलं. दादा मंगल कार्यालय बांधत होते. दर्शनी भिंत चकाकती पाहिजे, एवढीच त्यांची अट. महेंद्रनं दौंडच्या विटा काढल्या, लावल्या, आणि पहिला प्रिंट दादांच्या हातात दिला.

"महेंद्र, भिताडाला वल आलीय का रं? बांधायच्या आधीच गळाया लागलं?"

भिंतीच्या उजव्या अंगाला एक काळपट डाग होता.

महेंद्रनं दुकानात येऊन फाइल उघडली. विटांचं चित्र निर्मळ होतं. आणि दुसरी गोष्ट अशी, की ते चित्र होतं चार हात भिंतीचं. तोच तुकडा शेजारी शेजारी, वरखाली लावत गेलं, की मोठी भिंत होते. तुकड्यात डाग असता, तर भिंतभर ठरावीक अंतरावर तोच तो दिसला असता. इथं सगळ्या भिंतीवर मिळून एकच होता. समोरच्या कशाचं तरी प्रतिबिंब असेल म्हणून त्यानं झाडं काढली, गाडी काढली, शेवटी विटांची चमकच बंद केली. दुपारभर कॉम्प्युटर घरघरत राहिला. चित्र वरून खाली ओळ ओळ उतरत आलं.

डाग मोठा झाला होता. आता त्याला कडा होत्या. वरच्या काठावर दोन्हीकडे फिकट ठिपके होते, चार इकडे, चार तिकडे.

महेंद्र बराच वेळ त्या बोटांकडे बघत बसला. खाली रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. दादांना नुसता "थोडं थांबा" असा निरोप धाडला आणि तो कॉम्प्युटरवर रोज नवं चित्र काढू लागला. कारण त्याला एक दिसलं होतं: प्रत्येक चित्रात घोंगडी किंचित खाली येत होती. आधी केसांतला भांग दिसला. मग कपाळ, आणि कपाळावर डावीकडे असलेला कांजिण्यांचा व्रण, जो स्टुडिओवाल्यानं पुसून टाकला होता. आपल्यासाठी ती चेहरा दाखवतेय, असं महेंद्रला वाटलं. आणखी दोन-तीन चित्रं, की डोळे दिसतील. मग प्रिंट काढायचा आणि दीक्षापुढे ठेवायचा. ही बघ तुझी आई. एवढ्या एका गोष्टीसाठी त्याचं जेवणखाण सुटलं होतं.

सोजरबाई डबा घेऊन जिना चढून आली, तेव्हा कालचा प्रिंट टेबलावरच होता. म्हातारीनं तो उचलून उजेडाला धरला. ती घाबरली नाही. तिचे डोळे भरून आले.

"ही अजून उभीच हाय व्हय?"

तिनं प्रिंट आणखी जवळ धरला.

"हात भरून आलं आस्तील की रं तिचं. बघ, बोटं कशी पांढरी पडल्यात. घोंगडं खाली यायला लागलंय." तिनं प्रिंट पालथा ठेवला. "कशापायी उभी केलीस तिला? बस म्हण की."

त्या क्षणी महेंद्रला दौंड आठवलं. राखणदार आला, आपण धावलो, मग चहा. राजश्रीनं घोंगडी कधी खाली घेतली, ते काही आठवेना. आपण तिला 'झालं' असं म्हटलंच नाही, एवढं मात्र आठवलं.

"म्हटलं तर ती जाईल, आई. मग पोरीला काय दाखवू?"

"आन् न्हाई म्हटलं तर? अशीच ताटकळत ठेवनार तिला?"

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकल काढून चौफुल्यावरून दौंडला गेला. बंगल्याचं छप्पर बसलं होतं, भिंत मात्र तशीच होती. भर दुपार, आभाळ लख्ख, तरी हिरव्या विटा मलूल दिसत होत्या. मागून कुणीतरी उजेड अडवून धरावा, तशा. महेंद्रनं मागं वळून पाहिलं. नुसतं गवत होतं.

तो पुन्हा भिंतीकडे वळला.

"राजश्री," तो म्हणाला. "झालं. सोड आता."

दूर मालगाडीनं शिट्टी दिली.

आणि सगळी भिंत एकदम उजळली.

आभाळ, एक ढग, बाभळीचा शेंडा, सगळं विटाविटांतून त्याच्या डोळ्यांवर आलं. त्यानं डोळ्यांवर हात घेतला. पाठीवर ऊन पडल्याचं त्याला तेव्हा कळलं. इतका वेळ ते पडत नव्हतं.

त्यानंतरचं चित्र निर्मळ आलं. विक्रमदादा खूश झाले. प्रिंटची एक जास्तीची प्रत होती, ती टाकून देववेना, म्हणून महेंद्रनं घरात लावली. रात्री उशीत तोंड खुपसून तो पोटभर रडला आणि कितीतरी दिवसांनी त्याला झोप लागली.

सकाळी दीक्षा त्या चित्रासमोर उभी होती.

"पप्पा, आई कुठं चाललीय?"

महेंद्रनं पाहिलं. नुसत्या विटा.

"कशी दिसती गं?" त्यानं विचारलं.

"पाठीकडनं. येणी दिसती."

पोरीला आई दिसतेय, या आनंदात त्यानं भीतीला जवळ फिरकू दिलं नाही. आपल्याला दिसत नाही याचा थोडा हेवाही वाटला. रोज दुकानाला जाताना तो विचारी आणि दीक्षा सांगे. लांब गेली. झाडापाशी गेली. बारकी दिसती आता. महेंद्र मान हलवायचा. जाऊ दे, निवांत जाऊ दे, असं स्वतःला समजवायचा.

एका रविवारी सोजरबाई बाजाराला गेली होती. महेंद्र मोरीत दाढी करत होता.

"पप्पा, आई थांबली."

तो साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आला.

"वळली. इकडं बघती."

"चेहरा दिसतो? हसती का?"

"हां. हात करती. ये म्हणती."

महेंद्र चित्राच्या अगदी जवळ गेला. हिरव्या विटा, त्यांच्यामधल्या सांध्यांच्या बारीक रेघा. "मला?" त्यानं विचारलं.

दीक्षानं मान हलवली. नाही.

तेव्हा त्यानं खाली पाहिलं. दीक्षाच्या पायात बाहेर जायच्या सँडल होत्या. दोन्हींची बक्कलं नीट, घट्ट लावलेली होती. ती लावायला दीक्षाला अजून येत नव्हती.