बोम्वाना म्हणणारी एकच बाई

"बारा वाजता सह्या आहेत आणि तू अजून पाव चघळतोयस," झिंतले धाकट्या भावावर, लुथोवर, खेकसली. "चल."

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर व्हिटकम नावाचा माणूस आठ दिवस त्यांच्या घरी राहिला होता. खोकल्यावरच्या मुळीबद्दल त्याने माखुलूला, म्हणजे त्यांच्या आजीला, विचारून विचारून भंडावून सोडलं होतं. आता त्याच्या कंपनीने त्याच मुळीचं औषध काढलं होतं, आणि कंपनीचा कागद म्हणत होता की ही माहिती जुन्या पुस्तकांतून मिळाली, गावातल्या कुणी दिलीच नाही. गावप्रमुखांची सही झाली की गावाचा वाटा गेला, आणि मुळीसाठी डोंगर उकरायला त्यांचे ट्रक मोकळे.

"मीच सांगितलं म्हटलं, तर मी खोटारडी ठरणार," माखुलू काल म्हणाली होती. रात्री ती जेवलीसुद्धा नाही.

सभागृहाच्या दारात कंपनीची माणसं औषधाच्या नमुन्याच्या बाटल्या वाटत होती. आतेभाऊ अवोंकेने एक उचलली आणि लेबल वाचून हसला. "स्थानिक नाव, बोम्वाना म्हणे. अरे, उवेंडले म्हणतात त्याला. एवढे शिकलेले, आणि नाव चुकलं."

"दे इकडे," झिंतलेने बाटली हिसकावली. "चुकलं नाहीये, अवोंके. बोम्वाना कोण म्हणतं?"

"माखुलू," लुथो म्हणाला. "फक्त माखुलू."

माखुलूच्या सासऱ्यांचं नाव होतं वेलिले. त्यांच्या रीतीप्रमाणे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि त्या नावातला 'वे' ज्या शब्दात येतो तो शब्दही तोंडून काढत नाही. म्हणून लग्न झाल्यापासून तिने त्या लाल मुळीला स्वतःचं नाव दिलं होतं, बोम्वाना, तांबडुली. वेलिलेंना दुसरी सून नव्हती, त्यामुळे हा शब्द गावात आणखी कुणाच्या तोंडी नव्हता.

तिघं आत घुसली तेव्हा गावप्रमुख ताता सोंदलोंच्या हातात पेन होतं. झिंतले पुढे झाली. "ताता, सहीआधी एक विचारू?"

"हे मुलांचं काम नाही," व्हिटकम म्हणाला.

"विचार," ताता म्हणाले.

"डॉक्टर, बोम्वाना हे नाव कुठलं?"

"याच गावचं. जुन्या पुस्तकात आहे."

मागच्या बाकांवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. झिंतलेने त्यांना विचारलं, तर एकजात सगळ्या म्हणाल्या, "उवेंडले."

तातांनी पेन खाली ठेवलं आणि कडेला बसलेल्या माखुलूला तिच्या कुळाच्या नावाने हाक मारली. "मामत्सोलो, तुम्ही काय म्हणता त्या मुळीला?"

माखुलू मान खाली घालून म्हणाली, "बोम्वाना."

आधी एक बाई हसली, मग सगळं सभागृह. व्हिटकमला काही कळेना. लुथोने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"साहेब," ताता शांतपणे म्हणाले, "या बाईच्या सासऱ्याचा मान राखणारं पुस्तक कोणी लिहिलं, ते मलाही वाचायचंय."

"त्यांनीच सांगितलं होतं," व्हिटकम म्हणाला. "मी वहीत लिहून घेतलं होतं."

तातांनी कागद परत केला. नवा कागद येईल, त्यात गावाचा वाटा असेल, आणि बायकांना विचारल्याशिवाय डोंगराला फावडं लागणार नाही, असं भर सभेत ठरलं. मग त्यांनी तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. "आम्ही म्हाताऱ्यांनी बाटली हातात घेतली, पण वाचली या पोरांनी. शाब्बास." झिंतलेला रडूच आलं.

"माहिती कुणी दिली, तिथे काय लिहू?" व्हिटकमने खालच्या आवाजात विचारलं.

माखुलू उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "आठ दिवस माझ्या हातचं जेवलास, पोरा, आणि मला पुस्तक म्हणालास. माझं नाव नोखाया. लिही."

त्याने लिहिलं. तिने ते झिंतलेकडून वाचून घेतलं, आणि मगच ती खाली बसली.