चौकटीपेक्षा मोठा डबा

"ताई, हा दारातून जायचा नाय."

राजेशने मोजायची टेप खटकन मिटली आणि शेवंतीच्या हृदयातही काहीतरी तसंच खटकन मिटलं... चिंचपोकळीच्या त्या चाळीतल्या त्यांच्या एकुलत्या एका खोलीच्या मधोमध, अप्पांच्या खाटेला अगदी खेटून, तिचा डबा उभा होता. मालगाडीच्या शेवटी असतो ना, गार्डाचा, दोन्ही टोकांना छोटासा व्हरांडा असलेला, तो डबा! पण खेळण्यातला इवलासा नव्हे. कमरेइतका उंच, खाटेइतका लांब, विटकरी रंगाचा, आणि असा देखणा की शेजारच्या बायका विरजण मागायला येत आणि मागायचं विसरून त्याच्या खिडक्यांतून आत डोकावत बसत. पत्र्यावरचे रिव्हेट म्हणून तिने मोहरीचे दाणे एकेक करून गोंदाने चिकटवले होते आणि वर रंग दिला होता. हँडब्रेकचं चाक जुन्या नळाचं होतं. मागच्या दिव्याला लाल काच हवी होती, तर आईच्या ट्रंकेतली एक लाल बांगडी तिने फोडली होती, आणि फोडताना रडलीही होती.

डबा अप्पांसाठी होता. अप्पा, म्हणजे तिचे वडील लवू, आयुष्यभर मालगाडीवर गार्ड. अर्धांगाचा झटका आला तशी त्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली. उरला एक डावा हात आणि दोन डोळे. शेवंती त्यांना भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची, आणि मधल्या वेळात रंधा मारायची. पाण्याला जायचं तर बाहेरून कडी लावून धावत जायचं, धावत यायचं. खाट, डबा आणि भिंत यांच्यामध्ये तिला वळायला जेमतेम जागा होती. त्या खोलीपलीकडचं जग तिच्यासाठी गॅलरीच्या कठड्यालाच संपत होतं... असं कधीपासून, हे मोजणंही तिने सोडून दिलं होतं!

आता चाळ पाडायची होती. रविवारनंतर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. राजेश, तिचा धाकटा भाऊ, दादरला फ्लॅटमध्ये राहायचा; अप्पांना तिकडे न्यायचं ठरलं होतं, ताईने हॉलमध्ये झोपायचं हेही ठरलं होतं. ताईला कुणी विचारलं नव्हतं. तिला कधीच कुणी विचारत नसे, कारण ती कधीच नाही म्हणत नसे!

"आत्या, मग माटुंग्याचं काय?" राजेशची मुलगी आकांक्षा पुटपुटली. माटुंग्याच्या एका हॉलमध्ये रविवारी हाताने केलेल्या रेल्वे मॉडेल्सचं प्रदर्शन होतं. तिनेच डब्याचे फोटो पाठवले होते, आणि त्या लोकांनी डब्याला आणि तो करणारीला, दोघांनाही बोलावलं होतं. शेवंतीने भाचीला डोळ्यांनीच गप्प केलं.

राजेशने आडवं, उभं, तिरकं, सगळं करून पाहिलं आणि शेवटी वैतागला. "मापं घेऊन करायचंस ना गं... आता कापायलाच लागेल. तिकडे गेल्यावर जोड परत."

"कापते," शेवंती म्हणाली.

एवढंच! तिने खिळ्यावरची करवत काढली, पदर खोचला, आजारी माणसाच्या पाठीवर फिरवावा तसा डब्यावरून हात फिरवला आणि करवतीचे दात छपरावर टेकवले.

तेवढ्यात खाट करकरली. अप्पांनी डाव्या हाताने उशाचा लाल टॉवेल ओढून घेतला होता आणि ते तो जोरजोरात हलवत होते, हलवतच होते... घशातून नुसती घरघर, डोळ्यांतून धारा! आजोबांना काहीतरी होतंय असं वाटून आकांक्षा पाण्याकडे धावली. पण राजेश जागच्या जागी थिजला. गार्डाच्या पोराला लाल कापडाचा अर्थ कळणार नाही तर कुणाला?

"थांब ताई. अप्पा गाडी थांबवतायत."

त्याने तिच्या हातातून करवत घेतली. घेताना वाकला, आणि त्याची नजर खिडकीतून डब्याच्या आत गेली. बाहेरून विटकरी रंग होता, आत मात्र लाकूड रंगाविना, मधासारखं सागवान... आणि एका बाजूला कोरलेलं अर्धं कमळ, समोरच्या बाजूला उरलेलं अर्धं.

"हे तर तुझ्या कपाटाचे दरवाजे."

शेवंतीने मान खाली घातली.

तिचं लग्न ठरलं तेव्हा अप्पांनी सुताराला घरी बसवून, ह्याच खोलीत ते कपाट करून घेतलं होतं. ते दारातून जाणार नाही हे तेव्हाच कळलं होतं, आणि अप्पा हसून म्हणाले होते, लग्नाच्या दिवशी चौकटच काढू की! मग आई अंथरुणाला खिळली. राजेशचं कॉलेज चालू होतं. शेवंतीने स्वतःच्या तोंडाने लग्न मोडलं आणि चौकट जिथल्या तिथे राहिली... पुढे कपाट दिसेनासं झालं तेव्हा ताईने ते भंगारात दिलं असेल, असं राजेश धरून चालला होता. विचारलं मात्र नव्हतं.

"मला ते कापवलं नाही रे," ती म्हणाली. "खिडक्या सोडल्या तर पाठ, दरवाजे, सगळं अख्खंच लावलं. कपाट जेवढं रुंद, तेवढा डबा झाला. माप नाही चुकलं माझं."

लहानपणी गॅलरीत दोघं आगगाडी खेळत. राजेश इंजिन आणि ताई गार्ड, कायम! वळण आलं की इंजिनातल्या माणसाने मागे बघायचं, गार्ड हिरवा बावटा दाखवतोय ना ते, असं अप्पांनी शिकवलं होतं. खेळात तो न चुकता बघायचा. मग नोकरी, लग्न, दादर... किती वळणं आली!

"मी मागे बघितलंच नाही गं," म्हणत तो तिच्या पायांशी बसला आणि हुंदके देऊ लागला.

शेवंतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिलाही रडू फुटलं. "बघितलं असतंस तरी मी हिरवाच दाखवला असता. पण बघायचंस रे..."

राजेश उठला आणि खालून पहार घेऊन आला. चाळ तर पडणारच होती! तरी डबा कापायचं सुचलं होतं. चौकट काढायचं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. चुन्याचा धुरळा उडाला, बिजागऱ्या किंचाळल्या, आणि ती काळीकुळकुळीत चौकट दारासकट गॅलरीत आडवी झाली.

डबा निघाला. पुढे राजेश, बाजूंना आकांक्षा आणि शेजारचे तात्या. "हळू, हळू, मोहरी सांडेल तिची," तात्या म्हणाले, तशी रडता रडता शेवंती हसली.

"रविवारी अप्पांपाशी मी बसतो," राजेश धापा टाकत म्हणाला. "तू माटुंग्याला जा. आणि पुढे कुठे राहायचं, ते तू सांग. मी ठरवणार नाय."

तिने वळून खाटेकडे पाहिलं. अप्पांच्या हातात आता टॉवेल नव्हता. तो रिकामा डावा हात सावकाश हलत होता, इकडून तिकडे, इकडून तिकडे...

शेवंती उंबऱ्याबाहेर आली आणि सवयीने तिचा हात मागे कडीकडे गेला. कडी नव्हती. दारच नव्हतं! मग तिने तो हात डब्याच्या मागच्या कठड्यावर ठेवला, गाडी सुटताना गार्ड ठेवतो तसा.