जुन्या अ‍ॅम्पची नक्कल

मी वजनकाटे तपासते. भाजीवाल्यांचे नव्हेत, औषधांच्या कारखान्यातले. कागदाचा कपटा ठेवला तरी आकडा हलतो असले. खात्रीचं वजन ठेवायचं, काटा काय म्हणतो ते बघायचं, खोटं बोलत असेल तर त्याचा कान पिळायचा. एवढी वर्षं हेच केल्यामुळे मला भासबीस होत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही माझ्याकडे त्या नजरेनं बघायला लागाल.

घरी आले की मी इलेक्ट्रिक गिटार वाजवते. नवऱ्याला अरे-तुरे करते ते जास्त वाईट की या वयात गिटार वाजवते ते, याचा निकाल माझ्या नणंदेला अजून लावता आलेला नाही. पूर्वी माझ्याकडे गिटारचा आवाज मोठा करणारा, गुडघ्याएवढा जुना अ‍ॅम्प होता. तो लावला की खालच्या मजल्यावरची भांडी थरथरायची आणि पाठोपाठ खालची बाई दारात हजर. शेवटी मी डिजिटल डबा घेतला. जाडजूड पुस्तकाएवढा. गिटारची वायर एका बाजूनं आत, हेडफोनची दुसऱ्या बाजूनं बाहेर. त्यात नाना तऱ्हेच्या अ‍ॅम्पांचे आवाज भरलेले असतात, हवा तो निवडायचा. माझ्या कानात अख्खं सभागृह दणाणतं आणि खोलीत तारांची नुसती टुकटुक. खालची बाई आता जिन्यात भेटली की हसते.

त्या डब्याची एक खुबी म्हणजे आपल्या स्वतःच्या अ‍ॅम्पची नक्कलही त्याला शिकवता येते. अ‍ॅम्पसमोर माईक ठेवायचा. मग डबा अ‍ॅम्पमधून चित्रविचित्र शिट्ट्या आणि खरखर वाजवतो, आणि अ‍ॅम्प त्यांचं काय करतो ते ऐकून घेतो. तो काही साठवून ठेवत नाही. फक्त स्वभाव शिकतो. एकच अट, तेवढा वेळ खोलीत कुणी हूं की चूं करायचं नाही. जुना अ‍ॅम्प एका गिटार शिकवणाऱ्याला देऊन टाकायच्या आधी मी त्याची नक्कल करायला घेतली, आणि आम्ही दोघं त्या शिट्ट्यांना असे काही हसत सुटलो की विचारू नका. "गप्प बस ना रे!" "तूच गप्प बस, मघापासून तूच बोलत्येस!" माझी टकळी शेवटपर्यंत चालूच होती. पुन्हा करायला हवं होतं. पण आवाज छान उतरला होता, म्हणून राहू दिलं.

नवरा सोफ्याच्या गाद्यांना खोळी शिवतो. त्याचं मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. माझी वाजवायची खुर्ची खिडकीशी, त्याच्या पाठीमागे. त्याचा आणि माझा संसार असा पाठीला तोंड करूनच झालाय म्हणा ना.

गेल्या वर्षी त्याला ताप आला. मेंदूपर्यंत गेला. माणूस हाती लागला, कान मात्र गेले, दोन्ही. कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला, त्यात काहीच नव्हतं. यंत्राचाही उपयोग नाही म्हणाले.

तो ओठ वाचायला शिकला. हुशारच आहे. पण मिटत चालला. गिऱ्हाइकांशी बोलणं मी करायचे. एकदा जेवताना त्यानं घास खाली ठेवला आणि म्हणाला, "तुझा आवाज कसा होता ते आठवेनासं झालंय. तोंड हलताना दिसतं. आवाज लावून बघतो, तर तुझा नसतोच तो." मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. नळ कशाला सोडला कोण जाणे, त्याला कुठे ऐकू जाणार होतं!

गिटार मी चालू ठेवली. तीही सोडली असती तर वेड लागायची पाळी होती.

एका रविवारी सकाळी मी जुन्या अ‍ॅम्पचा आवाज निवडून वाजवत होते, ठेका धरून, चार सुरांचं साधंच काहीतरी. तो रेक्झिनला टीप मारत होता. माझी नजर सहज त्याच्या पायाकडे गेली. मी तारा छेडल्या की त्याचं पॅडल दाबलं जाई. मी थांबले की मशीन थांबे.

योगायोग असेल म्हणून मी ठेका बदलला. मशीन बदललं. मधेच अर्धवट तोडला. टीप अर्धवट तुटली.

त्याची पाठ माझ्याकडे होती. हेडफोन माझ्या कानांवर होते. आणि तो ठार बहिरा होता.

मग मी काटे तपासते तसं तपासलं. हेडफोन उपटून नुसत्याच तारा वाजवल्या, तर त्याचं आपलं शिवण चालू. हेडफोन लावून डब्यातला दुसरा अ‍ॅम्प घेतला, तरी तेच. जुन्या अ‍ॅम्पची नक्कल घेतली, की पाय ठेक्यात. पावलांना जमिनीतून कळत असेल म्हणून त्याला पाय वर स्टुलावर घेऊन हातानं उसवायला बसवलं. मान डोलायला लागली.

शेवटी तो वळला आणि म्हणाला, "चुकलीस. तिसऱ्या वेळी खाली यायला हवं होतंस."

खरंच चुकले होते.

काय सांगू तुम्हाला! मी गिटारीसकट जाऊन त्याच्या गळ्यात पडले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. आलेख तसाच, कोरा. "कंपनं जाणवत असतील," म्हणाले. मी म्हटलं, "हेडफोनमधली?" त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मीही डोक्याला ताप करून घेतला नाही. काटा बरोबर दाखवत असेल तर तो का दाखवतो म्हणून कुणी रडत बसत नाही. कामावरून आले की हातपाय धुऊन थेट खिडकीशी. तो मशीनवर, मी खुर्चीत. तो फर्माइशी करायला लागला, माझ्या चुका काढायला लागला, पुन्हा पूर्वीसारखा वात्रट झाला. नणंद आली होती, ती बघतच राहिली. "दादा माणसात आला गं," म्हणाली, आणि जाताना माझ्या गिटारीवरून चक्क हात फिरवला.

एके संध्याकाळी वाजवून झाल्यावर तो डोळे पुसत होता. मी त्याच्यासमोर जाऊन विचारलं, "काय झालं रे?"

"आवाज," तो म्हणाला. "तुझा. वाजवता वाजवता बोलतेस ना मधे मधे. सुरुवातीला अगदी बारीक यायचा. आता स्वच्छ येतो. तोच गं, तोच!"

वाजवताना मी बोलत नाही. जीभ दातांखाली धरायची सवय आहे मला.

"काय बोलते मी?"

"नेहमीचंच. चहा ठेवू का, चष्मा डोक्यावर आहे बघ तुझ्या. गप्प बस म्हणतेस, आणि हसतेस."

मला त्या शिट्ट्यांचा दिवस आठवला. डबा साठवत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. हेडफोन लावून मी ऐकत बसले. तारांशिवाय काही नव्हतं. पण त्याचा चेहरा असा उजळला होता की मी म्हटलं, असू दे. माझाच आवाज आहे, माझ्याच नवऱ्याच्या कानात जातोय. कुणाचं काय जातंय?

ते दिवस फार चांगले गेले, हे कबूल करायलाच हवं. त्याला मी परत मिळाले होते आणि मला तो. कामावरही मी गुणगुणत असे.

मग एकदा तो शिवता शिवता थांबला, कापड उलटं केलं आणि वळून म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. सुलट बाजू आत गेली होती, सगळंच वाया गेलं असतं."

मी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. आणि ते कापड त्याच दिवशी दुपारी आलं होतं.

"मी सांगितलं?"

पण तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. तेव्हाच लक्षात आलं, हल्ली तो माझे ओठ वाचत नाही. समोर जाऊन बोललं तर मान हलवतो, हूं हूं करतो, मला वाईट वाटू नये एवढ्यापुरतं. आणि उत्तरं देतो ती मी न विचारलेल्या गोष्टींची. "हो, दुखतोय थोडा," असं भाजी निवडता निवडता म्हणाला. गुडघा धरून.

राग म्हणावा, तर आला कुणाचा? स्वतःचा मत्सर वाटतो का कुणाला? मला वाटला. त्याचा गुडघा दुखतोय हे मला माहीत नव्हतं.

मी गिटार वाजवणं बंद केलं. बोटं दुखतात म्हटलं. आता तो पुन्हा माझ्या ओठांकडे बघेल, थोडा हिरमुसेल, मग मी बसून हळूहळू सगळं सांगेन, असं ठरवलं होतं. तो हिरमुसला नाही.

मशीन ठेक्यात चालत राहिलं.

आज सकाळी मी भाजी घेऊन वर आले. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत छान ऊन आलेलं. मशीन बंद होतं आणि तो स्टुलावर उलटा फिरून बसला होता, खिडकीकडे तोंड करून. आधी मी टेबलावरचा डबा बघितला. बंद. त्याची पिन मीच काढून कपाटात ठेवली होती. हेडफोन कानाला लावून बघितले.

काही नाही.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वाकून, तोंड अगदी त्याच्या डोळ्यांसमोर नेलं.

"अरे, माझ्याकडे बघ. मी इकडे आहे."

त्यानं मान जराशी वाकडी केली, मी आड येत होते म्हणून. चेहऱ्यावर इतकं समाधान की लग्नाच्या फोटोतही नसेल. माझा हात प्रेमानं थोपटला आणि बाजूला केला.

"एक मिनिट थांब गं," तो म्हणाला. "आधी तुझं बोलून होऊ दे."

मी थांबले. त्याची नजर माझ्या वाजवायच्या खुर्चीकडे होती, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. मधेच तो हसला. मग पुन्हा ऐकू लागला.

चार जिने चढून माझे पाय भरून आले होते. खोलीत बसायला तेवढी एकच खुर्ची होती.

मी उभीच राहिले.